दमट, खाऱ्या हवेतला घरचा एसी: आधी पाणी मोजा, मग दुरुस्तीला हात घाला

रिमोटवर 24 दिसतंय, खोली गारही झालीय, तरी चादर अंगाला चिकटते. उशीचा अभ्रा ओलसर लागतो आणि कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी धरते. मग आपण तापमान 22 वर आणतो, तेवढ्याने भागलं नाही की 20 वर. खोली थंडगार होते, चिकटपणा मात्र जात नाही. समुद्राजवळच्या घरांत एसीची तक्रार बहुतेक अशीच सुरू होते. मेकॅनिकला बोलावलं की उत्तर ठरलेलं असतं: गॅस कमी झालाय.

गॅस कमी असेलही, पण त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. एसी हवेतून पाणी किती काढतोय? 1902 साली विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली, ती मुळात माणसांना गारवा मिळावा म्हणून नव्हती. दमट हवेत कागद फुगायचा, हवा कोरडी झाली की आकसायचा, आणि एकावर एक छापायचे रंग जागेवर बसायचे नाहीत. हवेतलं पाणी ताब्यात ठेवणं हेच त्या यंत्रणेचं काम होतं. कोरड्या प्रदेशात हे विसरलं तरी चालून जातं. किनाऱ्यावर नाही चालत. म्हणून या लेखातली प्रत्येक पायरी, मग ती साफसफाईची असो, दुरुस्तीची असो की नवं यंत्र घेण्याची, पाणी आणि मीठ या दोन गोष्टींभोवती फिरते.

आधी दोन मापं

एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर घ्या. खोलीचं तापमान आणि हवेतली आर्द्रता दोन्ही दाखवणारा साधा चालेल, पण तो खरं बोलतो का ते तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या आणि त्यावर थेंबाथेंबाने पाणी टाका. मीठ विरघळता कामा नये, ओल्या वाळूसारखं दिसलं पाहिजे. हे झाकण आणि हायग्रोमीटर एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत किंवा डब्यात रात्रभर शेजारी शेजारी ठेवा. ओल्या मिठाच्या सान्निध्यात बंद जागेतली आर्द्रता 75 टक्क्यांवर येऊन थांबते. सकाळी काटा 71 दाखवत असेल तर तुमचा हायग्रोमीटर 4 टक्के कमी दाखवतो, एवढंच लक्षात ठेवायचं. हा 75 चा आकडा विसरू नका, आउटडोअर युनिटपाशी तो पुन्हा भेटणार आहे.

दुसरं माप बादलीचं. दारं-खिडक्या बंद करून एसी तासभर चालू द्या. मग ड्रेन पाइपच्या तोंडाखाली बादली ठेवून पुढच्या एका तासात किती पाणी जमतं ते मापाच्या भांड्याने मोजा. पाइपचं तोंड बादलीतल्या पाण्यात बुडू देऊ नका. दमट दिवशी दीड टनाचा एसी जोरात चालत असेल तर तासाला लिटर-दोन लिटर पाणी यायला हरकत नाही. बाहेर घामाने जीव नकोसा झालाय आणि नळीतून मात्र दहा मिनिटांनी एखादा थेंब पडतोय, तर काहीतरी बिघडलेलं आहे. कुठे बिघडलंय ते पुढे बघू.

वाफेचं पाणी करण्यात यंत्राची शक्ती खर्च होते, आणि ती थोडीथोडकी नाही. एक लिटर पाणी हवेतून काढायला साधारण 0.68 युनिट (किलोवॅट-तास) एवढी उष्णता ओढून घ्यावी लागते. एक टनाचा एसी तासाला सुमारे 3.5 युनिट उष्णता ओढतो. म्हणजे तासाला लिटरभर पाणी काढताना त्याची जवळजवळ एक पंचमांश ताकद पाण्यावरच जाते, आणि त्याने तापमान एका अंशानेही उतरत नाही. हे पाणी खोलीत येतं कुठून, ते शोधलं की अर्धी दुरुस्ती झाली.

दार-खिडक्या आधी, मेकॅनिक नंतर

बाहेर 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असेल तर प्रत्येक घनमीटर हवेत सुमारे 24 ग्रॅम पाण्याची वाफ असते. 24 अंश आणि 55 टक्क्यांच्या सुखद खोलीत ती 12 ग्रॅमच्या आसपास असते. बारा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत जवळजवळ 40 घनमीटर हवा मावते. म्हणजे त्या खोलीतली हवा एकदा पूर्ण बदलली की एसीपुढे अर्धा लिटर नवं पाणी येऊन उभं राहतं. दाराखाली बोटभर फट आहे, एसीच्या पाइपसाठी भिंतीला पाडलेलं भोक अर्धवट बुजवलंय आणि बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन दिवसभर चालू आहे, अशा खोलीत ही अदलाबदल सतत चालू असते.

एक्झॉस्टचं गणित लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. पंखा जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढीच हवा कुठल्यातरी फटीतून आत येते, आणि ती बाहेरची, ओली हवा असते. अंघोळ झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं चालवून तो बंद करा. स्वयंपाकघराच्या चिमणीचंही तेच.

फटी शोधायला उदबत्ती पुरते. एसी चालू ठेवून खिडकीच्या चौकटीभोवती, दाराखाली, पाइपच्या भोकाशी आणि विजेच्या बोर्डापाशी उदबत्ती हळूहळू फिरवा. धूर सरळ वर जाण्याऐवजी आत वळला की तिथून हवा येतेय. खिडक्यांच्या सरकत्या फ्रेमला ब्रशची पट्टी लावा, दाराखाली रबर बसवा. पाइपचं भोक बाहेरच्या बाजूने सिलिकॉनने किंवा फोमने नीट बुजवा. वर्तमानपत्राचे बोळे कोंबून उपयोग नाही, ते ओल धरतात. एवढं करून दोन दिवस पुन्हा आर्द्रता मोजा. कित्येक घरांत तक्रार इथेच निम्म्यावर येते.

एक सावधगिरी सांगून ठेवतो. खोलीत गॅसवर चालणारं गीझर किंवा शेगडी असेल तर ती जागा हवाबंद करू नका. तिथे ताजी हवा जिवाइतकी महत्त्वाची आहे.

इनडोअर युनिट: नळी, तबक, कॉइल

सफाईआधी एमसीबी, म्हणजे एसीची वीज तोडणारा पेटीतला खटका, खाली करा. रिमोटने बंद केलेला एसी म्हणजे वीज तोडलेला एसी नव्हे.

फिल्टर दर दोन आठवड्यांनी साध्या पाण्याने धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवून बसवा. ओला फिल्टर बसवला की बुरशीला आयती जागा मिळते. फिल्टर काढल्यावर टॉर्च मारून आत बघा. समोर दिसते ती कॉइल, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांची जाळी. तिच्यावरच्या अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन, स्वच्छ चमकत असतील तर ठीक. त्यांच्यावर करड्या लोकरीसारखा थर दिसत असेल तर फिनच्या रेषेत, वरून खाली, मऊ ब्रश फिरवा. आडवा फिरवला तर पट्ट्या दुमडतात आणि हवा अडते. अॅसिडचं क्लीनर घरी वापरू नका आणि कुणाला वापरू देऊही नका. आधीच खाऱ्या हवेने कमकुवत झालेलं अॅल्युमिनियम ते झपाट्याने खातं.

कॉइलइतकाच महत्त्वाचा तिच्या मागे फिरणारा लांबट नळकांड्यासारखा ब्लोअर. त्याच्या पात्यांच्या खोबणीत काळा, चिकट थर बसतो. बोटाने खरवडला तर ओल्या काजळीसारखा निघतो. या थरामुळे हवा कमी फेकली जाते आणि कुबट वास तर येतोच येतो. तोंडाच्या झडपांवरून पाण्याचे थेंब टपकण्याचं हेही एक कारण असतं. ब्लोअर काढून धुणं सवयीच्या हाताचं काम आहे, वर्षातून एकदा ते सर्व्हिसिंगमध्ये करून घ्या. सर्व्हिसिंग म्हणजे फक्त जेट पंपाने समोरून पाणी मारणं, असं समजणाऱ्या माणसाला ब्लोअर दाखवून विचारा: हा कसा साफ करणार?

आता ड्रेन. दमट हवेत बिघाडाचं पहिलं ठिकाण हेच. कॉइलखालच्या तबकात पाणी, धूळ आणि अंधार एकत्र येतात, आणि तिथे जेलीसारखा बुळबुळीत थर तयार होतो. तो सरकत नळीत जातो आणि एखाद्या वळणावर अडकतो. मग पाणी भिंतीवरून ओघळायला लागतं.

नळी साफ करताना बाहेरच्या टोकापासून सुरुवात करा. आधी तोंड बघा, तिथे मुंग्यांची माती किंवा कोळ्याचं घर असतं. मग ओलं ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्या तोंडाला कापड गुंडाळून लावा आणि दोन-तीन मिनिटं ओढा. अडकलेला बुळबुळीत गोळा सबंधच्या सबंध बाहेर येतो. तोंडाने फुंकण्यापेक्षा हे चांगलं, कारण फुंकलं की घाण उलटी तबकात जाते. नंतर वरून तबकात मगभर कोमट पाणी हळूहळू ओता आणि ते तितक्याच सहज बाहेर पडतं का ते पाहा. ब्लीच ओतू नका, त्याची वाफसुद्धा फिनला चांगली नाही.

नळी तुंबत नसेल तरी तिचा उतार तपासा. दर मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार हवा, आणि मध्ये कुठेही ती वर चढता कामा नये. पाणी चढ चढत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. तरीही खिडकीच्या चौकटीवरून चढवून नेलेली नळी घरोघरी दिसते. नळी भिंतीतून किंवा फॉल्स सीलिंगमधून जात असेल तर तिलाही इन्सुलेशन हवं. आतलं पाणी गार असतं आणि बाहेरून तिला घाम फुटतो. छतावरचा ओला डाग पुष्कळदा गळतीचा नसतो, या घामाचा असतो.

तांब्याच्या पाइपांचं तसंच. जाड आणि बारीक, दोन्ही पाइप वेगवेगळे गुंडाळलेले असावेत. बंद छिद्रांचं नायट्राइल रबर वापरा, दमट जागी 19 मिलिमीटर जाडीचं. जोडांवर डिंकासारखं लावायचं अॅडहेसिव्ह असतं, त्याने सांधे चिकटवा. उन्हातल्या भागावर ऊन सोसणारं आवरण घाला, नाहीतर वर्ष-दोन वर्षांत रबराचा भुगा हातात येतो.

पंख्याचा वेग आणि रिमोटवरची बटणं

हवा गार कॉइलवरून सावकाश गेली की जास्त पाणी सोडते. म्हणून दमट रात्री एसीचा पंखा कमी वेगावर ठेवा आणि अंगावर वारा हवा असेल तर छताचा पंखा लावा.

इन्व्हर्टर एसीची एक गोष्ट कुणी सांगत नाही. कॉम्प्रेसर म्हणजे आउटडोअरमधला गॅस दाबून फिरवणारा पंप. खोली गार झाली की इन्व्हर्टर एसीत तो थांबत नाही, मंद होतो. वीज वाचते, पण कॉइलही कमी गार राहते. 24 अंश आणि 60 टक्क्यांच्या खोलीतल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, 16 अंशांच्या जवळ असतो. कॉइलचा पृष्ठभाग त्याहून उबदार झाला की तिच्यावर पाण्याचा थेंबही जमत नाही. काटा 24 वर, बिल कमी आणि आर्द्रता मात्र चढती, अशी स्थिती येते. अशा वेळी ड्राय मोड लावून बघा. तासाभराने हायग्रोमीटर पाहा. खोली जरा गरम झाली पण आर्द्रता 55 च्या आसपास आली, तर बऱ्याच जणांना तेच जास्त बरं वाटतं. 60 च्या खाली ठेवणं हे लक्ष्य धरा, त्याच्या वर सतत राहिली की भिंती आणि कपडे बुरशीला खुले होतात.

कॉम्प्रेसर थांबल्यावर आतला पंखा फिरत राहिला तर कॉइलवरचं पाणी पुन्हा वाफ होऊन खोलीतच परत येतं. म्हणून रात्रभर नुसता फॅन मोड किंवा आलटून-पालटून चालू-बंद असा खेळ नको. सकाळी एसी बंद करताना मात्र वीस-तीस मिनिटं फक्त फॅन चालवा आणि खोली मोकळी सोडा. कॉइल कोरडी पडते, वास धरत नाही. अनेक यंत्रांत यासाठी आपोआप चालणारी सोय असते. ती चालू करून ठेवा, बंद करताना पंखा फिरत राहिला तर तो बिघाड समजू नका.

आउटडोअर युनिट आणि मीठ

तो 75 चा आकडा आता आठवा. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळायला लागतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत हेच होतं. आउटडोअरच्या फिनवर बसलेला मिठाचा पातळ थरही असाच वागतो. किनाऱ्यावर रात्री आर्द्रता या आकड्यावर सहज राहते, म्हणजे पाऊस नसतानाही ती कॉइल खाऱ्या पाण्याच्या पातळ थराखाली भिजलेली असते. तांब्याची नळी, तिच्यावर अॅल्युमिनियमची पट्टी आणि दोघांमध्ये खारं पाणी, ही एक छोटी बॅटरीच झाली. या जोडीत झिजतं ते अॅल्युमिनियम. आधी पांढरी पावडर दिसते. मग एक दिवस बोट लावलं की फिन बिस्किटासारखी चुरते. फिन नळीपासून सुटली की उष्णता बाहेर जात नाही आणि कॉम्प्रेसर त्याच गारव्यासाठी जास्त वीज खातो.

पावसात भिजणारं युनिट जास्त टिकतं, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. पाऊस मीठ धुऊन नेतो. छज्जाखाली किंवा बाल्कनीच्या कोपऱ्यात जपून ठेवलेल्या युनिटवर मीठ येतं पण ते धुऊन जात नाही. म्हणून आडोशाच्या युनिटला हाताने धुवावं लागतं, आणि कोरड्या, वाऱ्याच्या महिन्यांत तर जास्तच. समुद्र समोर दिसत असेल तर दर पंधरा दिवसांनी, थोडं आत असाल तर महिन्याने.

धुण्याची रीत अशी. एमसीबी बंद करून दहा मिनिटं थांबा, इन्व्हर्टरच्या बोर्डात वीज साठलेली असते. बागेच्या पाइपला शॉवरसारखं तोंड लावा. जेट पंप नको, मीठ पाण्यात आपोआप विरघळतं, जोर लागतच नाही आणि जोराने फिन मात्र दुमडतात. कॉइलच्या मागच्या आणि बाजूच्या अंगावर वरून खाली गोडं पाणी सोडा, पाच-सात मिनिटं सावकाश. बाजूला जिथे वायरी शिरतात तिथे धार मारू नका. तळाच्या ताटातली छिद्रं मोकळी आहेत का ते पाहा, तिथे साचलेलं खारं पाणी पत्रा आतून खातं. तासभर निथळू द्या, मग एमसीबी वर करा. बोअरवेलचं पाणी खारट असेल तर ते वापरू नका, सगळीच मेहनत वाया जाईल.

हे सगळं हात पोचत असेल तरच. खिडकीबाहेरच्या ब्रॅकेटवर लटकलेलं युनिट धुण्यासाठी वाकू नका, कठड्यावर चढू नका. सुरक्षा पट्टा बांधून काम करणारा माणूस बोलवा. आणि तो आला की त्याला ब्रॅकेट आणि बोल्टही बघायला सांगा. गंजाने फुगलेला पापुद्रा नखाने निघत असेल तर तो ब्रॅकेट बदलायची वेळ झालेली आहे. खाली माणसं चालतात. नवा घेताना गरम जस्ताच्या बुडीतला किंवा 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचा घ्या. 304 चं स्टीलही समुद्राजवळ तांबूस डाग धरतं.

गार होत नाही, तेव्हा

क्रम पाळा, पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचतात. फिल्टर आणि ब्लोअर स्वच्छ आहेत का? आउटडोअरचा पंखा फिरतोय का? युनिटसमोर कपड्यांचा स्टँड किंवा बॉक्स ठेवून हवा अडवली आहे का? मग थर्मामीटर घ्या. एसी पंधरा मिनिटं पूर्ण जोरात चालल्यावर आत ओढल्या जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेतला फरक मोजा. 8 ते 12 अंशांचा फरक असेल तर यंत्र आपलं काम करतंय. खोली फार दमट असताना हा फरक सुरुवातीला कमी दिसतो, कारण ताकद पाण्यावर जाते. अशा वेळी बादलीतलं पाणी बघून निर्णय करा.

कॉइलवर बर्फ धरला असेल तर तो टोचून काढू नका. कूलिंग बंद करून फक्त पंखा चालवा, दोनेक तासांत वितळेल. बर्फाची सर्वांत साधी कारणं घाणेरडा फिल्टर आणि मंदावलेला ब्लोअर, म्हणजे हवाच कमी जाते. ती दोन्ही ठीक असूनही बर्फ येत असेल, किंवा आउटडोअरच्या बारीक पाइपवर दहिवर जमतंय आणि जाड पाइप गार लागत नाही, तर गॅस कमी असल्याचा संशय रास्त आहे.

आणि गॅस कमी असेल तर तो कुठूनतरी गळतोय. गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, बंद पाइपांत तोच तो वर्षानुवर्षं फिरतो. माझ्या घरी एका वर्षात तीनदा गॅस भरला गेला. चौथ्या वेळी आलेल्या माणसाने दाब मोजायचा गेज लावायच्या आधी भांड्यात साबणाचं पाणी केलं आणि ब्रशने इनडोअरच्या मागच्या फ्लेअर नटाला, म्हणजे तांब्याच्या पाइपचं पसरवलेलं तोंड आवळून धरणाऱ्या नटाला, लावलं. दोन मिनिटं काहीच नाही. मग नटाच्या कडेला मोहरीएवढा एक बुडबुडा आला, फुटला, पुन्हा त्याच जागी दुसरा आला. नटाभोवती तेलकट डागही होता, तो आधीच्या तिघांनाही दिसायला हवा होता. पाइपचं तोंड नव्याने पसरवून नट टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, आवळला. त्यानंतर गॅस भरावा लागलेला नाही.

म्हणून मेकॅनिकला हे आवर्जून सांगा: आधी गळती शोधा, ती बंद करा, मग गॅस भरा. गॅस वजनकाट्यावर मोजून भरला पाहिजे. युनिटच्या पाटीवर किती ग्रॅम ते छापलेलं असतं. इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरच्या वेगाबरोबर दाबही बदलतो, नुसत्या गेजच्या आकड्यावर अंदाज चुकतो. गळती बुजवणारं रसायन गॅसमध्ये घालू देऊ नका.

आउटडोअर घरघरतंय पण पंखा किंवा कॉम्प्रेसर सुरू होत नाही, ही साध्या, बिनइन्व्हर्टर एसीत बहुधा कपॅसिटर, म्हणजे मोटर सुरू करायला मदत करणारा भाग, बिघडल्याची खूण असते. त्यावर मायक्रोफॅरडचा आकडा लिहिलेला असतो आणि तोच आकडा बदलीवरही हवा. एमसीबी बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतकी वीज राहते, त्यामुळे हे काम जाणकाराकडेच ठेवा. किनाऱ्यावर पीसीबीच्या, म्हणजे एसीच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाच्या, तांब्यावर हिरवट थर चढतो, पालीही शिरतात. बोर्ड नवा किंवा दुरुस्त करून येईल तेव्हा त्यावर ओल रोखणारं लॅकरसारखं कोटिंग आहे का ते विचारा. अर्थिंग तपासून घ्या, प्लगचं टोक काळं पडलंय का ते पाहा. सॉकेट गरम लागत असेल तर त्या रात्री एसी लावू नका.

दुरुस्ती की नवं

आउटडोअरची कॉइल चुरायला लागलीय आणि गळतीही कॉइलमध्येच आहे, तर दुरुस्तीवर फार खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं तयारच असतं. जुन्या यंत्रात आर-22 हा जुना गॅस असेल तर नक्कीच नको. ओझोनचा थर झिजवणाऱ्या पदार्थांवरचा माँट्रियल करार 1987 चा आहे, त्याखाली आर-22 जगभर हद्दपार होत आलाय. त्या यंत्रात आर-410ए हा नंतरचा गॅस भरता येत नाही, त्याचा दाब बराच जास्त असतो. नव्या यंत्रांत आर-32 सर्रास मिळतो, काहींत आर-290, म्हणजे प्रोपेन. कार्बन डायऑक्साइडचा 1 धरला तर आर-410ए चा हवामान तापवण्याचा निर्देशांक 2088 आहे, आर-32 चा 675. आर-32 सौम्यपणे पेट घेतो आणि आर-290 चांगलाच पेट घेतो. त्यामुळे या यंत्रांवर काम करणारा माणूस त्याचं शिक्षण घेतलेलाच हवा.

टनेज वाढवण्याचा मोह टाळा. "खोली लवकर गार होईल" हे खरं असतं, आणि तोच दोष आहे. मोठं यंत्र दहा मिनिटांत काटा गाठतं आणि थांबतं, पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली गार आणि ओली राहते. खोलीचं माप, ऊन कुठून येतं, वर उघडी गच्ची आहे का, किती माणसं झोपतात, हे सगळं सांगून हिशेब करून घ्या. गच्चीला पांढरा परावर्तक रंग किंवा सावली देता आली तर कधीकधी कमी टनेजही पुरतं.

घेताना विचारायचे प्रश्न: तांब्याची कॉइल आहे का, दोन्ही कॉइलवर गंजरोधक लेप आहे का, आर्द्रता नियंत्रणाची वेगळी सोय आहे का, कॉम्प्रेसर किती खाली मंद होऊ शकतो. निळ्या रंगाची फिन दिसली म्हणून समाधान मानू नका, तो लेप पुष्कळदा पाणी सहज निथळावं यासाठी असतो, मिठासाठी नव्हे. संपूर्ण अॅल्युमिनियमची मायक्रोचॅनल, म्हणजे बारीक वाटा असलेल्या चपट्या नळ्यांची, कॉइल हलकी आणि कार्यक्षम असते, पण ती गळली तर जागेवर जोडणं अवघड. किनाऱ्यावर मी लेप दिलेली तांब्याचीच निवडेन.

आणि एसी ठीक चालत असूनही पावसाळ्यात, बाहेर 26 अंश असताना ओल जात नसेल, तर नवा एसी घेण्याऐवजी वेगळा डीह्युमिडिफायर, म्हणजे फक्त हवेतलं पाणी काढणारं यंत्र, घ्या. त्या दिवसांत एसीला गार करायचं कामच उरत नाही म्हणून तो पाणीही काढत नाही. डीह्युमिडिफायर खोली थोडी गरम करतो, हे धरून चाला. त्याची नळी सरळ मोरीत सोडा, टाकी भरली की तो थांबतो.

बसवण्याच्या दिवशी

त्या दिवशी घरी राहा आणि दोन गोष्टींवर अडून बसा. जोड झाल्यावर नायट्रोजनने दाब देऊन गळती तपासली पाहिजे. ऑक्सिजन कधीही नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. दुसरी गोष्ट व्हॅक्यूम पंपाची, म्हणजे गॅस सोडण्याआधी पाइपांतली हवा आणि वाफ ओढून काढण्याची. "थोडा गॅस सोडून हवा काढतो" म्हटलं की थांबवा. दमट हवेत पाइपमध्ये शिरलेली वाफ आजच्या एसीतलं तेल झपाट्याने शोषतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसर आतून खराब होतो. मायक्रॉन हे इथे दाबाचं माप आहे, हवेचा नेहमीचा दाब 7,60,000 मायक्रॉन असतो. पंपाने तो 500 मायक्रॉनपर्यंत उतरवायचा, मग पंप बंद करून दहा मिनिटं आकडा चढत नाही ना ते बघायचं. हे मायक्रॉन गेजवरच दिसतं, साध्या गेजवर नाही.

आउटडोअरची जागा ठरवताना समुद्राच्या वाऱ्याला पाठ मिळेल पण पाऊस लागेल, अशी बघा. धुवायला आणि दुरुस्तीला हात पोचला पाहिजे.

पहिल्या रात्रीच मापं घ्या: आत-बाहेरच्या हवेतला फरक, तासाचं पाणी, खोलीची आर्द्रता, बाहेरची आर्द्रता आणि भरलेल्या गॅसचे ग्रॅम. तारखेसह कागदावर लिहून तो कागद एमसीबीच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, तितक्याच दमट संध्याकाळी, त्याच खोलीत तेवढीच माणसं असताना पुन्हा मोजा. पाणी निम्म्यावर आलं असेल तर आधी ब्लोअर उघडा.